किरणांची दिंडी

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेवरून सायंकाळी कचेरीतून परतताना एक विचार हटकून मनात येतो. महायुद्धामुळे केंब्रिजला परतणे अशक्य झालेले होमी भाभा याच आवारात स्थिरावले, आणि १९४५ च्या जूनमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आरंभही येथेच झाला. त्याच वर्षी ती मुंबईस गेली. आपण पोटापाण्यासाठी महाराष्ट्रातून इकडे आलो. ती येथे जन्मून महाराष्ट्रात नांदावयास गेली. या देवघेवीशी नाते सांगणारे एक लहानसे प्रकरण वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

१९६२ साली अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांनी गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या इवल्याशा स्फटिकातून लेसर किरण मिळविला. तो अवरक्त, म्हणजे डोळ्यांस न दिसणारा. स्फटिक द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठेवावा लागे आणि वीज क्षणाक्षणाच्या झटक्यांनीच द्यावी लागे. पुढे दोनच वर्षांत, १९६४ मध्ये, ट्रॉम्बे येथील अणुशक्ती केंद्रात तसाच लेसर सिद्ध झाला, आणि त्याच्या किरणावरून ट्रॉम्बेने कुलाब्याच्या टाटा संस्थेशी संदेशवहनही केले. बंगळुरात जन्मलेल्या संस्थेच्या दारी तो अदृश्य किरण निरोप घेऊन गेला!

पण दिवा पेटविणे निराळे आणि तो तेवत ठेवणे निराळे. नेहमीच्या तपमानात अखंड चालणारा अर्धवाहक लेसर १९७० साली निघाला, तो लेनिनग्राडला अल्फेरॉव्ह यांच्या आणि अमेरिकेत हायाशी व पॅनिश यांच्या हातून. निरनिराळ्या द्रव्यांचे पातळ थर एकावर एक चढवून त्यांनी वीज आणि प्रकाश दोहोंनाही अरुंद पट्टीत कोंडले.

पुढचा प्रश्न शक्तीचा. एकाच अरुंद खिडकीतून फार प्रकाश काढावा तर स्फटिकाचे तोंडच जळते. खिडकी रुंद करावी तर किरण विस्कळीत होतो. म्हणून अनेक लेसर एकाच स्फटिकावर ओळीने मांडण्याची युक्ती निघाली. परंतु प्रत्येक जण आपल्या लहरीने चालू लागला, तर एकूण प्रकाश वाढतो, धार वाढत नाही. शंभर वारकरी जमले म्हणजे दिंडी होत नाही; पाऊल टाळावर पडावे लागते.

१९७८ मध्ये सायफ्रेस, बर्नहॅम आणि स्ट्रायफर यांनी शेजारशेजारच्या लेसरांची पावले जुळवून दाखविली. तरी एक खोड उरली. शेजाऱ्याने उजवे पाऊल टाकले की याने डावे टाकावयाचे, अशीच त्यांची प्रवृत्ती दिसे. कारण त्या चालीत मधल्या निकामी जागेत प्रकाश कमी वाया जातो. परिणामी समोर एका शलाकेऐवजी दोन फाके दिसत. यावर उपाय सापडला तो टॅलबट यांनी १८३६ साली केलेल्या एका निरीक्षणात. समान अंतरावरील किरणस्रोतांची प्रतिमा ठराविक अंतरावर आपोआप पुन्हा उमटते. नेमक्या जागी आरसा ठेवला, तर एका पावलाने चालणाऱ्यांचा प्रकाश आपापल्या खिडकीत परततो, इतरांचा भरकटतो. दुसरा मार्ग याहून उदार आहे. प्रत्येक लेसरास किंचित वेगळी तरंगलांबी द्यावयाची आणि जाळीच्या साह्याने साऱ्यांना एकाच वाटेस लावावयाचे.

आपल्याकडे या विद्येस स्थायी घर मिळाले ते इंदूरला. तेथील प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला १९८४ च्या फेब्रुवारीत बसली, डॉ. भवाळकर त्याचे पहिले संचालक. ट्रॉम्बेचा तो पहिला किरण आणि ही कोनशिला यांत वीस वर्षे गेली. हे अंतर बुद्धीच्या उणिवेचे खचित नव्हे. एखादे यश मिळविणाऱ्या हातांमागे दुसरे हात ओळीने उभे करणे, हेच आपणांस उशिरा सुचले, असे मला वाटते.

परप्रांती राहणाऱ्या आपणांस तो दुसरा मार्ग अधिक जवळचा वाटावा. आपला रंग न सोडता एका वाटेने चालता येते, आणि त्याने प्रकाशाची धार बोथट होत नाही.