स्टेनलेस स्टीलचा पाईप घरच्या घरी कसा कापायचा?

नांदेडच्या घरी पडद्यासाठी एक इंची स्टीलचा रॉड आणला, तो चार बोटं जास्त निघाला. मी हॅक्सॉ घेतला आणि जोरात, भराभर घासायला लागलो. पाच मिनिटांत ब्लेडचे दात गेले, रॉडवर फक्त चमकदार ओरखडा!

झालं काय, तर स्टेनलेस स्टील नुसतं घासलं की त्या जागी आणखी कडक होतं. शिवाय साध्या लोखंडाच्या तुलनेत ते उष्णता साधारण एक तृतीयांशच वाहून नेतं, त्यामुळे सगळी गरमी दातांपाशी साचते. म्हणून वेग कमी आणि दाब पुरेसा ठेवा. मिनिटाला ४० च्या आसपास फेरे बास. ब्लेडचे दात पुढच्या बाजूला, दाब पुढे जाताना. मागे येताना हात हलका. अधूनमधून तेलाचे दोन थेंब सोडा, शिलाई मशीनचं तेलही चालतं.

ब्लेड इंचाला ३२ दातांचं घ्या. दुकानदार बऱ्याचदा १८ दातांचं हातात देतो. त्यात दोन दातांमध्ये सुमारे १.४ मिमी अंतर असतं. पाईपची जाडी १ मिमी असेल तर कड त्या फटीत अडकते आणि दात तुटतो. ३२ दातांत हे अंतर ०.८ मिमी होतं. एकाच जागी आरपार कापू नका, पाईप थोडा थोडा फिरवत कापा.

सरळ खूण हवी? कागदाची पट्टी पाईपला गुंडाळा, कडा जुळल्या की पट्टीलगत मार्करने रेघ मारा. शिकंज्यात पाईप चेपू नये म्हणून आत लाकडाचा गोल तुकडा घाला.

ग्राइंडरने काम दोन मिनिटांत होतं, मान्य. पण एका रॉडसाठी मी तो काढणार नाही. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. वापरायचाच असेल तर स्टेनलेससाठीची १ मिमी डिस्क लावा, डिस्कवरचा वेग मशीनपेक्षा कमी नको. गार्ड काढायचा नाही, लाकडाचं ब्लेड कधीच लावायचं नाही. साधा चष्मा पुरत नाही, बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा. कण डोळ्यात गेलाच तर चोळू नका, रुमालाच्या टोकाने काढायला जाऊ नका. थेट डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

कापल्यावर आतली-बाहेरची धार कानशीने घासा, नाहीतर बोट कापलंच म्हणून समजा. लोखंडावर वापरलेली कानस किंवा डिस्क मात्र नको. तिच्यातले लोखंडाचे कण स्टीलवर बसतात आणि तिथे गंज दिसू लागतो. मग लातूरला आल्यावर काका विचारणारच, "स्टेनलेस म्हणून घेतलं होतं ना?"