अंदाजपत्रक गोण्यांचं

"घर पाहावं बांधून" ही म्हण ज्याने कुणी केली, त्याच्या काळी सिमेंट नव्हतं. तरी त्याचा अनुभव आपल्यासारखाच असणार! पेशव्यांचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ या दोन वर्षांत उभा राहिला आणि त्याला १६,११० रुपये खर्च आला, हा आकडा पुण्याच्या इतिहासात जागोजाग वाचायला मिळतो. वर्गात हे सांगताना सोळा हजारांपेक्षा त्या वरच्या एकशे दहा रुपयांची मला जास्त मौज वाटे. कुणी कारकून खिळ्यांचा आणि चुन्याचा हिशोब मांडत बसला असेल...

आम्ही मुलांना राजेरजवाड्यांचे वाडे शिकवले. पण तुमच्या-माझ्यासारख्या पगारदार माणसाने साठ ते नव्वद या सालांत जी घरं बांधली, त्यांचा इतिहास कुठल्याच क्रमिक पुस्तकात नाही. आमच्या घरातल्या नव्या पिढीला तर हे सगळं खोटंच वाटतं. म्हणून लिहून ठेवतो.

१९८० साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलवर शिक्षक होतो. पगार हातात सातशेच्या आसपास पडे. शिक्षकांनी मिळून घेतलेल्या जमिनीत माझा एक प्लॉट होता. ओळखीच्या ओव्हरसियरने सहाशे चौरस फुटांचा नकाशा काढून दिला आणि सोबत अंदाजपत्रक: ४१,५०० रुपये. पाया, जोतं, वीटकाम, स्लॅब, गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, मजुरी, सगळं ओळीने मांडलेलं. प्रॉव्हिडंट फंडातून उचल, पतपेढीचं कर्ज, हिच्या पाटल्या आणि थोडी शिल्लक असं करून आकडा जुळत होता. (पाटल्या देताना हिने तोंडातून शब्द काढला नाही. पुढे वीस वर्षं मात्र अधूनमधून काढला.)

त्या कागदात एक ओळ होती, 'सिमेंट २२० गोण्या'. सरकारी भाव तेव्हा गोणीला तिशीच्या अलीकडेच होता. म्हणजे सगळं सिमेंट मिळून एकूण खर्चाचा जेमतेम सातवा हिस्सा. मला ती ओळ किरकोळ वाटावी अशीच होती. मिस्त्रींनी कागद हातात घेतला, त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून मी वाचून दाखवला. ऐकून म्हणाले, "पैशाचं झालं गुर्जी, पर शिमिट कुठनं आणनार?"

सिमेंट पैसे देऊन मिळत नसे. परमिट लागे. ही पद्धत इंदिराबाईंच्या किंवा आणीबाणीच्या काळातली असं पुष्कळांना वाटतं, पण ती बरीच जुनी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने सिमेंट ताब्यात घेतलं ते लष्करासाठी. युद्ध संपलं, इंग्रज गेले, पण नियंत्रण राहिलं. १९६६ च्या आरंभी ते उठलं आणि दोन वर्षांनी, १९६८ साली, पुन्हा आलं. भाव सरकारने ठरवायचा, कुणाला किती द्यायचं तेही सरकारने ठरवायचं. त्यातून भाव देशभर सारखा राहावा म्हणून वाहतुकीचा खर्चसुद्धा सरासरीने वाटून टाकलेला. हेतू चांगलाच होता. धरणं, कालवे, पूल आधी, मग कारखाने, आणि उरलं तर घरं. पण ठरवून दिलेल्या भावात कारखानदाराला फारसं काही उरत नव्हतं, त्यामुळे नवे कारखाने निघेनात. आहेत ते विजेच्या कपातीने, कोळशाच्या आणि वाघिणींच्या टंचाईने पूर्ण ताकदीने चालेनात. गरज वाढत गेली, माल वाढेना. बाहेरच्या देशातून सिमेंट आणायची पाळी आली.

उरलं तर घरं, या यादीतही मास्तरांचं घर शेवटी. मी नकाशाची प्रत, जागेचा उतारा, बांधकाम परवाना, मुख्याध्यापकांचा दाखला असं सगळं जोडून तालुक्याच्या कचेरीत २२० गोण्यांचा अर्ज केला. सात महिन्यांनी ४० गोण्यांचं परमिट हातात पडलं, तेही ऐन जूनच्या तोंडावर. सिमेंट साठवता येत नाही. पावसाळ्यात दोन-तीन महिने पडून राहिलं की गोणीतच दगड होतो. म्हणजे परमिट मिळालं की आठवडाभरात गवंडी, विटा, वाळू, पाणी सगळं हजर पाहिजे. आणि परमिट केव्हा मिळेल ते ब्रह्मदेवाला ठाऊक.

काळ्या बाजारात सिमेंट होतंच. भाव दुप्पट, कधी अडीचपट. त्यातही राखेची भेसळ. आमच्या स्टाफरूममध्ये दोघांनी ते घेतलं, त्यांना मी नावं ठेवत नाही. उघड्या भिंतींवर दोन पावसाळे काढल्यावर माणूस काय करील?

त्याच दिवसांत, ३१ ऑगस्ट १९८१ ला, 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला. मुख्यमंत्री अंतुले यांनी काढलेल्या प्रतिष्ठानांना बिल्डरांनी दिलेल्या देणग्या आणि त्याच बिल्डरांना मिळालेलं सिमेंट, असा तो मामला. शाळेत इंग्रजी पेपर येत नसे, आम्ही मराठी पेपरांतून वाचलं. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ ला निकाल दिला, की सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा परस्परसंबंध दिसतो. अंतुल्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटल्याची वाट पुढे निराळी झाली. १९८८ साली सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी, तो खटला हायकोर्टाकडे वर्ग करण्याचा आपल्याच कोर्टाचा आधीचा आदेश चुकीचा ठरवला. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल अजून अभ्यासतात. अंतुले कामाला वाघ होते हेही खरं. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे त्यांच्याच काळात, १ मे १९८१ ला झाले. पण आमच्या स्टाफरूमला त्या वादात राजकारण दिसलं नाही. आम्हाला दिसल्या त्या गोण्या. चहा पिता पिता गणिताचे सर म्हणाले होते, "तिकडे ट्रकच्या ट्रक, आणि आपल्याला चाळीस!"

आता चाळीस गोण्यांत काय होतं, ते सांगतो. हे गणित मला मिस्त्रींनी शिकवलं. सहाशे फुटांच्या स्लॅबला बीमसकट पन्नास-पंचावन्न गोण्या लागतात आणि त्या एका दिवसात लागतात. स्लॅब अर्धा आज, अर्धा पुढच्या परमिटावर, असं चालत नाही. उलट नऊ इंची भिंती सिमेंटमध्ये बांधल्या तर आठेक ब्रास वीटकामाला तीस गोण्या आणि दारं-खिडक्यांवरच्या लिंटलला दहा. चाळीस पूर्ण! राहिला तिसरा मार्ग, जो तेव्हा गावोगाव सर्रास चालू होता: भिंती मातीत बांधायच्या, बाहेरून फक्त दरजा सिमेंटच्या भरायच्या आणि वाचलेलं सिमेंट, वर उसनंपासनं करून, स्लॅबला वापरायचं. बाहेरून घर पक्कं दिसतं आणि वर स्लॅब. स्लॅबच्या घराची तेव्हा प्रतिष्ठा काय सांगू! सोयरीक जुळवताना विचारत, "घर स्लॅबचं का कौलांचं?"

मिस्त्रींचा कल तिसऱ्या मार्गाकडे होता, माझाही थोडा होता. आईने तो मोडून काढला.

आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजसाठी बाहेर होतो, आई-वडील गावी होते. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. आमच्या घराची उत्तरेची भिंत, दगड-मातीची, दोन हात रुंद, आतल्या बाजूला पडली. माणसं वाचली ती गोठ्यात दुभत्या म्हशीपाशी उठून गेली होती म्हणून. म्हैसही वाचली. त्यानंतर आईला मातीच्या जुडाईच्या भिंतीचा विश्वास राहिला नाही. ती म्हणाली, "वर कौलं घाल नाहीतर पाचट घाल. भिंत मातीत बांधलीस तर मी त्या घरात निजायला येणार नाही."

अंदाजपत्रक तिथे ठरलं. ओव्हरसियरच्या कागदाला फक्त रुपयांची भाषा येत होती. भिंतीला चाळीस आणि डोक्यावर मंगलोरी कौलं, हे आईचं अंदाजपत्रक. जोतं काळ्या दगडाचं, चुन्यात. गावाबाहेर एक चुन्याची घाणी अजून चालू होती, बैल दगडी चाक ओढत गोल फिरायचा. पुढे आणखी तीस गोण्या मिळाल्या, त्या आतल्या गिलाव्याला आणि न्हाणीघराला गेल्या. बाकी गिलावा चुन्याचाच. फरशी शहाबादी, तीही चुन्यावर बसवलेली. २२० च्या जागी ७० गोण्यांत घर उभं राहिलं, १९८२ च्या अक्षय्य तृतीयेला आम्ही राहायला गेलो.

१९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीला जे झालं, ते पाहिल्यावर आईचं वाक्य मला फार आठवलं. तिथेही दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीच्या धाब्याचं ओझं. ती घरं पिढ्यान्‌पिढ्यांची होती, त्यांचा दोष परमिटावर टाकता येणार नाही. पण त्या चाळीस वर्षांत ज्यांना भिंत बदलायची होती, त्यांतल्या किती जणांना सिमेंट मिळालं असतं, हा प्रश्न मनात येतोच.

गंमत अशी, की आम्ही राहायला गेलो त्याच्या दोनच महिने आधी, २८ फेब्रुवारी १९८२ ला, केंद्र सरकारने सिमेंट अर्धंमुर्धं मोकळं केलं होतं. कारखान्याने ठराविक हिस्सा सरकारला द्यायचा, उरलेला खुल्या बाजारात विकायचा. भाव चढे, पण माल दुकानात दिसायला लागला. सरकारचा हिस्सा टप्प्याटप्प्याने कमी होत गेला आणि १ मार्च १९८९ ला नियंत्रण पूर्ण उठलं. त्या सात वर्षांत देशातलं उत्पादन दुपटीच्या घरात गेलं. जे चाळीस वर्षं सबुरीने सोसलं, ते सात वर्षांत संपलं. तेव्हाच्या वर्गात 'नियोजन' हा धडा मी मोठ्या श्रद्धेने शिकवत असे. नंतरही शिकवला, पण चाळीस गोण्यांचं उदाहरण देऊन.

तुमच्या गावातल्या जुन्या सोसायटीतून एकदा सावकाश चालून बघा. १९६० नंतरची, पण १९८२ च्या आतली घरं बहुधा ओळखू येतील. पुढच्या खोलीवर स्लॅब आणि मागे कौलं. दगडात पांढऱ्या दरजा. एका बाजूचा गिलावा जुना, दुसऱ्या बाजूचा दहा वर्षांनी केलेला. शिलालेख वाचायला लेण्यांतच जायला हवं असं नाही.

आता भाच्याने घर काढलंय. त्याच्या अंदाजपत्रकात सिमेंटची ओळ मी मुद्दाम शोधली. फोन केला की गोण्या दारात येतात, सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीसुद्धा २८ चा १८ टक्के झाला. पण त्याचं काम अडलंय ते वाळूपाशी! सरकारने २०२३ साली सहाशे रुपये ब्रासने वाळू द्यायची योजना आणली, २०२५ साली धोरण पुन्हा बदललं. नदीची वाळू मिळेना म्हणून तो दगडाचा चुरा वापरतोय. मी त्याला विचारलं, परमिट आहे का? तर हसला. असो.

आमच्या घराचं राहिलेलं सांगतो. १९८९ च्या डिसेंबरात कौलं उतरवली आणि स्लॅब टाकला. पंचावन्न गोण्या एका सकाळी दुकानातून आल्या, बिलासकट, कुणाच्याही सहीवाचून. संध्याकाळपर्यंत स्लॅब पडला, मिस्त्रींना टॉवेल-टोपी केली, पेढे वाटले. पुढचा उन्हाळा आला. आई दुपारी आतल्या खोलीतून उशी घेऊन बाहेर ओसरीवर आली आणि हिला म्हणाली, "आत भट्टी झालीय. कौलांखाली गार होतं बाई."