काका, शिळा पाव आणि सफरचंद

स्वीडिश भाषेत केकला 'काका' म्हणतात. हसू नका! इंग्रजीतला केक हा शब्दच मुळी जुन्या नॉर्स भाषेतल्या 'काका'वरून आलेला आहे. तेव्हा सफरचंदाचा केक म्हणजे 'एपलकाका'.

हा केक स्वीडनमध्ये घरोघरी होतो आणि घरागणिक त्याची तऱ्हा बदलते. कुणी मैदा-अंड्याच्या मऊ केकात सफरचंदाच्या फोडी खोचतात, कुणी फोडींवर ओटचा चुरा पसरतात. आजीच्या हातचा म्हणून बहुधा या मऊ केकाचेच कौतुक होते. पण बेकिंग पावडर आणि भट्टी असलेली लोखंडी चूल या दोन्ही गोष्टी सामान्य घरांत पोचल्या त्या एकोणिसाव्या शतकात. त्याआधीच्या वळणाचा केक पाहायचा तर दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतात जावे लागते. त्यात मैदा नाही, अंडे नाही. आहे तो शिळा पाव!

आपल्याकडे पोदेर सकाळ-संध्याकाळ पों पों करीत दारात येतो, त्यामुळे कालची पोय हीच आपली शिळी. तिकडे घरची मोठी भट्टी रोज पेटत नसे. एकदा भाजलेला रायचा काळा पाव पुष्कळ दिवस पुरवायचा. तो वाळून कडक झाला की टाकणार कोण? किसायचा, लोण्यात परतायचा आणि सफरचंदाशी त्याची गाठ घालून द्यायची.

आता हा केक स्वीडिश म्हणायचा का, हा खरा प्रश्न. स्कोने मुळात डेन्मार्कचा. १६५८ च्या रॉस्किल्डच्या तहाने तो स्वीडनकडे गेला. मग नव्या राज्यकर्त्यांनी चर्चमधली भाषा बदलली, कायदे बदलले, १६६६ मध्ये लुंड येथे विद्यापीठ स्थापिले. हेतू हा की इथली माणसे स्वीडिश व्हावीत. झालीही. परंतु समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडे डेन्मार्कात आजही सफरचंदाचा गर, साखर-लोण्यात परतलेला चुरा आणि वर फेटलेली साय असे थर रचून केक करतात. तो भाजत नाहीत एवढेच. दोघे सख्खे भाऊ आहेत हे सांगायला वंशावळ कशाला हवी? सत्ता बदलली म्हणून चूल बदलत नाही, हे आम्हा गोमंतकीयांना कुणी शिकवायला नको.

स्वीडिश पाककलेत काय्सा वार्ग (१७०३-१७६९) या बाईंचे नाव आदराने घेतात. स्टॉकहोममध्ये बड्या घरांत कारभारीण म्हणून त्या राबल्या आणि १७५५ साली तरुण गृहिणींसाठी त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच्या चौदा आवृत्त्या निघाल्या. 'घरात असेल ते घ्यावे' हे वाक्य त्यांच्या नावावर खपते, पण ते त्या ग्रंथात नाहीच! बड्या घरच्या कारभारणीला टंचाईचे तत्त्वज्ञान सांगायची गरज नव्हती. ते वाक्य शोभते ते या पावाच्या केकाला.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी: किलोभर सफरचंदे सोलून, किंचित पाणी घालून शिजवा आणि घोटा. आंबट जात हवी. आपल्या बाजारातली लालभडक गोड सफरचंदे असतील तर लिंबू पिळा, नाहीतर नुसता शिरा होईल. तीन वाट्या रायच्या पावाचा चुरा (न मिळाल्यास कडकडीत वाळवलेली पोय) शंभर ग्रॅम लोणी आणि अर्धी वाटी साखर घालून खमंग परता. चुरा, गर, पुन्हा चुरा असे थर द्या. दोनशे अंश सेल्सियसवर अर्धा तास भाजा.

गरात चिमूटभर दालचिनी घालतात. सिलोनची दालचिनी सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोर्तुगिजांच्या हाती होती आणि तिथला त्यांचा कारभार आपल्या गोव्याच्या व्हिसेरेईच्या हुकमतीखाली चाले. १६५६ मध्ये डचांनी कोलंबो घेतले आणि तो व्यापारही गेला.

केकाबरोबर हवा व्हॅनिलाचा पातळ सॉस: दूध, साय, अंड्याचा बलक, साखर. व्हॅनिला पूर्वी श्रीमंतांचीच होती. १८४१ मध्ये रेयुनियाँ बेटावर एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने तिच्या फुलांचे हाताने परागण करण्याची सोपी युक्ती शोधली आणि तिची लागवड जगभर पसरली. मुलगा मात्र दारिद्र्यातच मेला. सॉस अगदी थंड हवा आणि केक गरम. उलटे केलेत तर चुरा लगदा होतो.