पटकथाकाराची साक्ष

‘पटकथा’ हा शब्द आपण सहज उच्चारितों. परंतु त्यांतील ‘पट’ म्हणजे मुळांत वस्त्र, याकडे क्वचितच कोणाचें लक्ष जातें. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, त्या दासोपंतांच्या एका कृतींत हा मूळ अर्थ अक्षरशः उतरला आहे. इ. स. १५५१ ते १६१५ या काळांत होऊन गेलेल्या या दत्तभक्त कवीनें ‘पंचीकरण’ हें आपलें प्रकरण कागदावर न लिहितां एका पासोडीवर लिहिलें. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा त्या जाड कापडावर ओव्यांबरोबर आकृतिही काढलेल्या आहेत. पोथी मांडीवर घेऊन एकट्यानें वाचावी. हा पट पसरला तर चार माणसांस एकदम दाखवितां येईल. श्रोत्यास प्रेक्षक करण्याची ही युक्ति बोलपटाच्या तीनशेंहून अधिक वर्षें आधींची आहे.

दासोपंतांच्या पटापेक्षां त्यांच्या चरित्राची आख्यायिका अधिक सर्वतोमुखीं आहे. त्यांचे वडील दिगंबरपंत बेदरच्या राज्यांत वसुलाचे अधिकारी होते. वसूल थकला, तेव्हां लहानग्या दासोपंतास ओलीस ठेवण्यांत आलें. मुदतींत पैसा न आल्यास मुलास स्वधर्मास मुकावें लागणार, अशी अट पडली. आणि अखेरच्या घटकेस दत्ताजी पाडेवार या नांवानें प्रत्यक्ष दत्तात्रेयांनींच रक्कम भरली, अशी ही कथा सांगतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठीं विठ्ठलानें महाराचें रूप घेऊन बेदरास पैसा पोंचविला, ही गोष्ट तर घरोघरीं ठाऊक आहे. दोन्ही कथांत बेदर तेंच, सरकारी पैशाचा तगादा तोच आणि देवाचें गुप्त रूपही तसेंच. कथा गांवोगांव हिंडते, नव्या माणसाच्या अंगावर जुनें वस्त्र घालते, आणि तें वस्त्र प्रथम कोणीं विणलें हें कांहीं काळानें कोणासही सांगतां येत नाहीं.

या बाबतींत आपल्या जुन्या चरित्रकारांनीं जो शिरस्ता घालून दिला, तो आजच्या पटकथाकारांस मार्गदर्शक व्हावा असा आहे. ताहराबादचे महिपति (१७१५ ते १७९०) यांनीं १७६२ सालीं ‘भक्तविजय’ व १७७४ सालीं ‘भक्तलीलामृत’ पुरें केलें. मराठी संतचित्रपटांचें बहुतेक सारें धान्य याच दोन कणगींतून आलें आहे. परंतु ‘भक्तविजया’च्या आरंभींच महिपतींनीं आपण हें सारें पदरचें सांगत नसून नाभाजी व उद्धवचिद्घन यांच्या आधारें सांगत आहों, असें स्पष्टपणें बजावून ठेविलें. ग्रंथारंभीं देवास नमन करावें तसेंच आधारासही करावें, ही त्या काळची रीत होती. ती नुसती नम्रता नव्हे. हिशेबाची शिस्तही होती, आणि महिपति पेशानें कुलकर्णी होते हें येथें विसरतां येत नाहीं.

पटकथाकारास हा हिशेब अधिकच आवश्यक आहे. कादंबरी छापली कीं ती लेखकाच्या नांवानें कपाटांत उभी राहते. पटकथेचें तसें नाहीं. ती दिग्दर्शकाच्या हातीं पडते, नटाच्या मुखीं जाते, कात्रीखालीं येते, आणि चित्र तयार झाल्यावर जिच्या आधारें तें उभें राहिलें ती कागदांची चळत बहुधा रद्दींत जाते. मूकपटांच्या काळांतील बहुतेक चित्रेंच आज नाहींशीं झालीं आहेत. मग त्यांच्या मागील कागदांची काय कथा! अशा वेळीं लेखक आपल्या लेखनाविषयीं जें बोलतो किंवा लिहून ठेवितो, तेंच त्या कृतीच्या जन्माचें दप्तर ठरतें. तेव्हां त्याला तीन प्रश्न विचारण्याचा इतिहासास अधिकार आहे: गोष्ट कोठून आणली? तींत काय बदललें? आणि काय सोडावें लागलें?

तिसऱ्या प्रश्नाचें उदाहरण गोदावरीच्या कांठचेंच आहे. १९३५ सालीं ‘प्रभात’ कंपनीनें पैठणच्या एकनाथमहाराजांच्या जीवनावर चित्र काढलें. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचें, कथालेखन के. नारायण काळे यांचें, आणि एकनाथांच्या भूमिकेंत साक्षात् बालगंधर्व. अस्पृश्य मानलेल्यांच्या घरीं एकनाथांनीं केलेलें भोजन हा त्या चित्राचा प्राण होता. हा प्रसंग तीनशें वर्षांपूर्वींच्या एका संताचा असला, तरी १९३२ सालचा पुणें करार व त्यानंतरचा गांधीजींचा हरिजन-दौरा नुकताच पाहिलेल्या प्रेक्षकांस त्यांत आपलाच काळ दिसत होता. चित्राचें मूळ नांव ‘महात्मा’. परंतु त्या नांवानें गांधीजींचें स्मरण होतें म्हणून परीक्षण मंडळानें हरकत घेतली आणि चित्र ‘धर्मात्मा’ या नांवानें पडद्यावर आलें. आज जो कोणी केवळ ‘धर्मात्मा’ ही अक्षरें पाहील, त्यास तें एक भाविक संतचरित्र वाटेल. पुसलेलें नांव ठाऊक असेल, त्यालाच कळेल कीं एकनाथांच्या आडून त्या लोकांनीं आपल्या काळाशीं संवाद मांडला होता. एका शब्दाच्या गच्छंतीची ही नोंद राहिली नसती, तर चित्राचा अर्धा अर्थ लोपला असता.

दुसऱ्या प्रश्नाचें उदाहरण त्याच कंपनीच्या पुढच्याच वर्षींच्या ‘संत तुकाराम’ चित्राचें. शिवराम वाशीकर यांनीं तें लिहिलें, दामले-फत्तेलाल या जोडीनें दिग्दर्शित केलें आणि विष्णुपंत पागनीस यांनीं तुकोबांची भूमिका केली. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. या चित्रांत तुकोबांच्या मूळ अभंगांबरोबर शांताराम आठवले यांनीं नव्यानें रचिलेलें एक पद आहे. तें तुकोबांच्या वाणीशीं इतकें एकजीव झालें कीं अनेकांनीं तें त्यांचेंच मानलें. गाथेंत मात्र तें सांपडत नाहीं. गंमत अशी कीं, या चित्रांतील सालोमालो हा पात्रविशेष तुकोबांचे अभंग स्वतःच्या नांवानें खपवितो, आणि प्रेक्षकांस त्याचा मनस्वी संताप येतो. इकडे त्याच प्रेक्षकांनीं एका हयात कवीचें पद नकळत तुकोबांच्या पदरांत टाकिलें! पहिल्या प्रकारांत लबाडी आहे, दुसऱ्यांत केवळ भक्ति आहे. परंतु इतिहासाच्या वहींत दोन्हींमुळें नोंद चुकते. आठवल्यांचें नांव लोकांस माहीत राहिलें म्हणूनच हा घोटाळा सुटला. कवीस अनामिक होण्यांत धन्यता वाटेलही. अभ्यासकास तशी मुभा नाहीं.

पहिला प्रश्न, म्हणजे गोष्ट कोठून आली हा, सर्वांत नाजूक. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची हकीकत पाहा. औंध संस्थानांत राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या पाठिंब्यानें आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या गृहस्थाच्या पुढाकारानें १९३९ च्या सुमारास एक अपूर्व प्रयोग झाला: खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांस भिंतींवांचून, शेती करीत, शब्दावर विश्वास ठेवून राहूं द्यावयाचें. ग. दि. माडगूळकर हे त्याच माणदेशचे. त्या मातींतली ही गोष्ट त्यांनीं ‘दो आंखें बारह हाथ’ या चित्रासाठीं लिहिली. शांताराम यांचें तें हिंदी चित्र १९५७ सालीं निघालें. त्यास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें आणि १९५८ सालीं बर्लिनच्या महोत्सवांतही मान मिळाला. देशोदेशींच्या प्रेक्षकांस ती एक उदात्त कल्पना वाटली. ती कल्पना नव्हती; पावसाचें तोंड न पाहणाऱ्या एका कोपऱ्यांत ती खरोखर घडली होती. लेखकाचें गांव आणि कथेचें गांव यांचा हा संबंध ज्यास ठाऊक आहे, तोच या चित्राकडे स्वप्न म्हणून न पाहतां पुरावा म्हणून पाहूं शकतो. माणसावर विश्वास टाकला तर तो बदलतो, हें विधान कल्पनेनें मांडलें तर सुभाषित होतें. घडलें म्हणून सांगितलें तर तो युक्तिवाद होतो.

आतां येथें एक आक्षेप येणारच, आणि तो वाजवी आहे. लेखक स्वतःविषयीं बोलूं लागला कीं स्मृति त्याच्या बाजूनें झुकते. चित्र अनेक हातांनीं बनतें. परंतु आठवणी लिहितांना प्रत्येकास आपला हात मोठा दिसतो. यशस्वी चित्राचे जनक पुष्कळ आणि पडलेल्या चित्राचा मात्र एकही नाहीं, असा अनुभव आहे. हें खरें असलें तरी त्यावरून साक्षच नको असें ठरत नाहीं. साक्ष तपासून घ्यावी, एवढेंच ठरतें. विश्राम बेडेकर यांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्रास १९८५ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९४१ सालचा ‘शेजारी’ हा बोलपट त्यांच्याच लेखणींतून उतरला. धरणाच्या कामावरून एका स्वार्थी ठेकेदारानें दोन जिवलग हिंदु-मुसलमान शेजाऱ्यांत लावलेली कळ आणि अखेरीस धरण फुटतांना दोघांचा एकमेकांच्या मिठींत झालेला शेवट, ही त्याची गोष्ट. हिंदी आवृत्तींत हिंदु वृद्धाचें काम मजहर खान यांनीं व मुसलमान वृद्धाचें गजानन जागीरदार यांनीं केलें. लाहोरचा पाकिस्तानविषयक ठराव १९४० च्या मार्चमध्यें झालेला. त्यानंतरच्याच वर्षीं हें चित्र आलें. लेखकानें एक शब्दही सांगितला नसता तरी हें कालमान बोलकें आहे. चित्र, त्याची तारीख, चित्रपटगृहांत विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, परीक्षकांचे शेरे, सहकाऱ्यांच्या आठवणी, हीं सर्व एकमेकांशेजारीं ठेवावीं, आणि त्यांच्या मध्यें लेखकाचें निवेदन वाचावें. साक्षीदार एकच असेल तर न्यायाधीश सावध होतो. म्हणून कांहीं तो साक्षीदारास न्यायालयाबाहेर घालवीत नाहीं.

हा सारा खटाटोप केवळ जुन्या चित्रांच्या कौतुकासाठीं नाहीं. ज्या बीड जिल्ह्याच्या पटापासून आरंभ केला, त्याच जिल्ह्यांत आज कथांचें मोठें पीक उभें आहे. दरवर्षीं दसरा-दिवाळी सरली कीं येथील हजारों कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन, गांवें ओस टाकून, पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘कोयता’ म्हणतात. माणसाचें नांव जाऊन हत्याराचें नांव उरतें! २०१९ सालीं शासनानें नेमलेल्या समितीनें बीड जिल्ह्यांतील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. हे आकडे प्रसिद्ध झाल्यापासून या स्त्रियांच्या दुःखाकडे देशोदेशींच्या लेखकांचें लक्ष वळलें आहे. तें वळावेंच. परंतु येथून गोष्ट नेणाऱ्यास महिपतींची रीत लागू आहे. कोणत्या फडावर, कोणाच्या कोपींत बसून ती ऐकली. सांगणारीनें काय सांगितलें आणि लेखकानें काय जोडलें. कोणाच्या दडपणानें काय गाळलें. हें त्यानें लिहून ठेविलें पाहिजे. जिचें नांव उघड करणें धोक्याचें, तिचें तें न करावें. परंतु गोष्ट तिची आहे, आपली नव्हे, एवढें तरी लपवूं नये.

असें न झाल्यास काय होईल, हें दासोपंत-दामाजींच्या कथेवरून दिसतेंच. शंभर वर्षांनीं कोणी विचारील, ही ऊसतोड बाई खरी कीं कल्पित? आणि त्यास उत्तर देणारें कोणी नसेल. संतांच्या कथेंत थकलेला पैसा देवानें भरला, म्हणून ती भाविकांस गोड वाटते. या स्त्रियांची उचल फेडावयास कोणी पाडेवार आलेला नाहीं. त्यांच्या वांट्यास निदान खरी नोंद यावी. जे आज पटकथा लिहीत आहेत त्यांनीं आपल्या कागदांची एक प्रत आणि आधारांची एक वही जपून ठेवावी, आणि आपल्या ग्रंथालयांनीं व महाविद्यालयांनीं ती मागून घेण्यास संकोचूं नये, एवढीच या प्रसंगीं विनंती आहे.