सीलच्या शिकारीचा पाठ

शाळेच्या वर्गात परक्या समाजाची ओळख करून देण्याची एक जुनी आणि सोयीची रीत आहे. नकाशावर देश दाखवावा, त्याची राजधानी, नद्या आणि पिके सांगावीत, तेथील पोशाखाचे एखादे चित्र भिंतीवर टांगावे आणि पुढील आठवड्यात पुढील देशाकडे वळावे. या रीतीने मुलांना पुष्कळ नावे पाठ होतात. परंतु ती माणसे तशी का वागतात हा प्रश्न त्यांच्या मनात क्वचितच उभा राहतो. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही रीत मोडण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. वर्गात त्याने काय साधले आणि अखेरीस तो कायदेमंडळाच्या दारी कसा पोहोचला, हा शिक्षणाच्या इतिहासातील एक उद्बोधक अध्याय आहे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला आणि अमेरिकेत एकच खळबळ उडाली. आपल्या शाळा मागे पडल्या, अशी हाकाटी सुरू झाली. नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेकडून शालेय अभ्यासक्रमांच्या सुधारणेसाठी मिळणाऱ्या द्रव्याचा ओघ वाढला. सप्टेंबर १९५९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल येथे शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ यांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर. कोणत्याही विषयाचा गाभा, त्याच्याशी अप्रामाणिक न होता, कोणत्याही वयाच्या मुलाला कळेल अशा रूपात शिकविता येतो, हा त्यांचा सिद्धांत १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रोसेस ऑफ एज्युकेशन’ या ग्रंथामुळे सर्वत्र चर्चिला गेला. पदार्थविज्ञान आणि गणित यांचे नवे अभ्यासक्रम तयार होऊ लागलेच होते. मग समाजशास्त्राने मागे का राहावे, असा प्रश्न साहजिकच पुढे आला.

त्याचे उत्तर म्हणून ‘मॅन : अ कोर्स ऑफ स्टडी’ हा दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी आखलेला अभ्यासक्रम जन्मास आला. सर्व अभ्यास तीन प्रश्नांभोवती गुंफलेला होता : माणसात माणूसपण कोणते, ते त्याला कसे लाभले आणि ते अधिक कसे वाढविता येईल? जगातील सगळ्या देशांची धावती यात्रा घडविण्याऐवजी एकाच लहानशा समाजाजवळ मुलांना महिनोन्‌महिने बसवावे, असे योजकांनी ठरविले. मात्र माणसाकडे येण्यापूर्वी मुले इतर प्राण्यांचा अभ्यास करीत. सॅमन मासा अंडी घालून मरतो. त्याच्या पिलांना शिकविणारे कोणी नसते. कुरव पक्षी पिलांना भरवितो. बबून वानरांची पिले दीर्घकाळ कळपाच्या आश्रयाने वाढतात. या पायऱ्या चढत मुले स्वतःच एका विचाराशी येऊन ठेपत : माणसाचे मूल सर्वांहून अधिक काळ परावलंबी असते, आणि त्याच्या जगण्याचा बहुतेक भाग त्याला दुसऱ्याकडूनच शिकावा लागतो.

यानंतर येत नेत्सिलिक लोक. कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय किनाऱ्यावर राहणारा हा एक छोटा इन्यूइट समाज. डॅनिश संशोधक क्नुड रास्मुसेन १९२३ मध्ये त्यांच्यात राहिला होता आणि त्याने त्यांच्या जीवनाची बारकाईने नोंद केली होती. १९६३ पासून माँट्रियल विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ आसेन बालिक्सी यांनी पेली बे येथे या लोकांचे चित्रपट घेतले. तोवर तेथे बंदुका आल्या होत्या. परंतु जुनी कौशल्ये वडीलधाऱ्यांच्या हातांत अद्याप होती. त्यांनी बंदुका बाजूला ठेवल्या, कातड्यांचे कपडे अंगावर चढविले आणि कॅमेऱ्यापुढे आपल्या पूर्वायुष्याची पुनरावृत्ती केली. या चित्रपटांत निवेदन नव्हते. वाऱ्याचा आवाज, कुत्र्यांचे भुंकणे आणि न कळणारी बोली एवढेच कानी पडे. पडद्यावर काय चालले आहे ते मुलांनीच ओळखावयाचे, एकमेकांशी वाद घालावयाचा आणि पुन्हा पाहून पडताळावयाचे.

चित्रपटांच्या जोडीला पटावरचे खेळ होते. कॅरिबू नावाच्या हरिणांच्या शिकारीत नेत्सिलिक लोक दगड रचून माणसासारखी बुजगावणी उभी करीत, लांडग्याप्रमाणे आरोळ्या ठोकून कळपाला पाण्याकडे हाकीत आणि पोहणाऱ्या जनावरांना कायाक होड्यांतून गाठून भाल्याने मारीत. मुले हीच युक्ती पटावर योजून पाहत. सीलच्या शिकारीचा खेळ याहून बोधप्रद होता. बर्फाखाली वावरणारा सील श्वास घेण्यासाठी अनेक भोके राखतो. तो कोणत्या भोकाशी येईल हे शिकाऱ्याला कळत नाही. भोक जितकी जास्त माणसे राखतील तितकी कोणाला तरी शिकार मिळण्याची शक्यता अधिक. परंतु भाग्य एकाचेच फळते आणि बाकीचे तासन्‌तास थंडीत उभे राहून रिकाम्या हातांनी परततात. म्हणून मारलेल्या सीलचे ठराविक भाग ठराविक सोबत्यांना देण्याचा नेत्सिलिकांचा नियम होता. वाटणी हे तेथे औदार्य नव्हते. ती जगण्याची व्यवस्था होती. पाठ्यपुस्तकातील ‘सहकार्य’ हा गुळगुळीत शब्द वाचून जे कळले नसते, ते स्वतःची सोंगटी उपाशी राहण्याची पाळी आलेल्या मुलाला कळले.

तथापि हा समाज खऱ्या अर्थाने समजून घ्यावयाचा तर त्याचे कठोर नियमही दृष्टीआड करता येत नव्हते. उपासमारीच्या काळात प्रवासात चालू न शकणारे वृद्ध मागे राहत; कधी नवजात मुलीचा जीव घेतला जाई. या गोष्टीही अभ्यासक्रमात होत्या. मागे पडलेल्या वृद्धेची हकीकत वाचून वर्गात प्रश्न निघत : हे लोक निर्दय होते काय? की त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता? आणि आपल्या घरातील म्हाताऱ्यांचे आपण काय करतो? या शेवटच्या प्रश्नाशी परक्या समाजाचा अभ्यास संपून स्वतःचा सुरू होत होता. योजकांना हेच अभिप्रेत होते, आणि वादळही येथेच उठले.

प्रथम प्रकाशक मिळेनात. चित्रपटांचा खर्च मोठा, शिवाय शिक्षकांना आधी वेगळे प्रशिक्षण देणे आवश्यक. अनेक प्रकाशकांनी नकार दिल्यानंतर १९७० मध्ये हा अभ्यासक्रम बाजारात आला आणि लवकरच देशभरच्या पुष्कळ शाळांत पोहोचला. त्याच वर्षी फ्लोरिडातील लेक सिटी या गावी पहिला संघटित विरोध झाला. पुढे तो इतर संस्थानांत पसरला. कोवळ्या मुलांपुढे हत्या आणि त्याग यांची वर्णने ठेवली जातात, कोणतेच नीतिमूल्य स्थिर नाही असे त्यांच्या मनावर बिंबविले जाते, असा आक्षेप होता. एप्रिल १९७५ मध्ये ॲरिझोनाचे प्रतिनिधी जॉन कॉनलन यांनी हा प्रश्न प्रतिनिधिगृहात नेला. फाउंडेशनच्या अभ्यासक्रमांवर काँग्रेसचे नियंत्रण असावे, अशी त्यांची दुरुस्ती थोड्या मतांनी फेटाळली गेली. परंतु फाउंडेशनने त्याच वर्षी या अभ्यासक्रमाची मदत थांबविली आणि तो हळूहळू शाळांतून नाहीसा झाला.

या पराभवाचा दोष केवळ विरोधकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. अमेरिकेत शाळा ही स्थानिक समाजाची मालमत्ता मानली जाते. मुलांनी काय शिकावे हे दूरच्या राजधानीच्या पैशाने ठरावे काय, हा प्रश्न पोकळ नव्हता. योजकांनी शिक्षकांना तयार केले. परंतु संध्याकाळी घरी परतलेल्या मुलाचा प्रश्न ज्यांना ऐकावा लागणार होता, त्या आईबापांना विश्वासात घेण्याचा पुरेसा यत्न झाला नाही. दुसरी उणीवही होती. नेत्सिलिकांची मुले तेव्हा शाळेत बसत होती आणि त्यांची गावे बदलत होती. वर्गातील मुलांपुढे मात्र एका गोठलेल्या भूतकाळाचे चित्र होते. जिवंत माणसे अशा रीतीने निव्वळ उदाहरण होऊन बसतात.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. मुलांना परके लोक समजले नाहीत म्हणून हा अभ्यासक्रम बुडाला नाही. ते समजले, आणि समजल्यावर मुलांनी आपल्या घराकडे वळून पाहिले. ते पाहणे वडीलधाऱ्यांना जड गेले. परक्यांच्या राजधान्या पाठ करण्यात असला धोका नसतो, म्हणूनच ती रीत सर्वत्र टिकून राहते.

पेली बे या गावाचे नाव आज कुगारुक असे आहे आणि १ एप्रिल १९९९ पासून ते इन्यूइटांच्या नुनावुत या स्वायत्त प्रदेशात मोडते. अमेरिकेतील वर्गांतून ते चित्रपट गेले, पण नष्ट झाले नाहीत. दगडांचा बांध घालून मासे कसे अडवावेत आणि बर्फाचे घर कसे रचावे, हे ज्यांनी कॅमेऱ्यापुढे करून दाखविले, त्यांचे हात त्यांच्या वंशजांना आजही त्या पडद्यावर पाहता येतात.