सहा टिंबांची एक लिपी

आपल्या सीमाभागात लिपी ही केवळ लिहिण्याची सोय नसते. दुकानाच्या पाटीवर कोणती अक्षरे वर आणि कोणती खाली, यावरून आपल्याकडे मोर्चे निघाले आहेत, मने दुखावली आहेत. मराठी शाळेत तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला आपल्या अक्षरांचा अभिमान आहे, तो मी लपवीत नाही. पण त्या अभिमानाच्या शेजारी किती अज्ञान नांदत होते, हे मला एका दृष्टिहीन मुलाने दाखवून दिले.

2012 च्या जूनमधली गोष्ट. मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. एक शेतकरी आपल्या मुलाला हाताला धरून घेऊन आला. मुलगा सातवीपर्यंत परगावच्या अंधशाळेत कन्नड माध्यमातून शिकला होता. आता त्याला घरी राहून आठवीला आमच्याकडे यायचे होते. मी म्हणालो, ‘‘याला कन्नड अक्षरे येतात. मराठी मुळाक्षरांपासून शिकावे लागेल आणि ते शिकवणारे आमच्याकडे कोणी नाही. पुढच्या वर्षी बघू.’’ वडील म्हणाले, ‘‘तेवढं पोराचं बघा की वो, सर.’’ मी बघितले नाही.

पुढच्या जूनमध्ये ते दोघे पुन्हा आले. या खेपेस मुलाच्या काखेत एक जाडजूड पुस्तक होते. त्याने ते माझ्या टेबलावर उघडले, कोऱ्या दिसणाऱ्या पानावर बोटे ठेवली आणि शुद्ध मराठी परिच्छेद न अडखळता वाचून दाखवला. ‘‘मराठी कुठं शिकलास?’’ मी विचारले. तो म्हणाला, ‘‘शिकलो नाही, सर. घरात बोलतोय मराठीच की. टिंबं तर तीच हायत.’’

टिंबे तीच आहेत! इतिहासात एम. ए. केलेल्या मला हा इतिहास ठाऊक नव्हता. त्या दिवसापासून मी तो शोधून वाचू लागलो.

लुई ब्रेलचा जन्म 1809 चा, पॅरिसजवळच्या कुव्हरे गावचा. वडील खोगीर शिवणारे. त्यांच्या कारखान्यात खेळताना तिसऱ्या वर्षी डोळ्याला आरी लागली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. 1819 मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तिथे डोळसांचीच अक्षरे कागदावर उठावदार छापून मुलांना चाचपायला लावीत. वाचन अतिशय मंद होई आणि लिहिणे तर अशक्यच. शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्याने बारा टिंबांची एक पद्धत तयार केली होती. ब्रेलने ती सहा टिंबांवर आणली, म्हणजे एक अक्षर बोटाच्या एका स्पर्शात मावू लागले. पंधराव्या वर्षी त्याची लिपी बहुतेक तयार होती. 1829 मध्ये तिचे पुस्तक निघाले. पण डोळस शिक्षकांना ही परकी टिंबे पटेनात. 1852 मध्ये ब्रेल वारला आणि त्याच्याच शाळेने ती लिपी रीतसर स्वीकारली ती 1854 मध्ये.

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी 1887 मध्ये अमृतसरला काढली. पुढे कलकत्ता, मुंबई, म्हैसूर येथे शाळा निघाल्या. पण ज्याने त्याने आपापल्या भागापुरती वेगळी ब्रेल बसवली. बंगालमध्ये लालबिहारी शहांची, मुंबई-गुजरातकडे नीलकंठराय छत्रपतींची, म्हैसूरला निराळी, तमिळ मुलखात निराळी. एका शाळेचे पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला निरुपयोगी. पुस्तके आधीच थोडी, त्यात ही वाटणी!

1941 मध्ये सरकारने एका लिपीसाठी समिती नेमली. गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे सर क्लूथा मॅकेंझी यांनी 1944 मध्ये भारतातील अंधत्वाविषयी अहवाल दिला. तरी मतभेद मिटेनात. अखेर 1949 मध्ये भारत सरकारने युनेस्कोकडे हा प्रश्न नेला. 1951 मध्ये बैरूतच्या परिषदेत एक तत्त्व मान्य झाले: भाषा कोणतीही असो, शक्य तेथे समान ध्वनीला समान टिंबे. त्यातून ‘भारती ब्रेल’ आकाराला आली. त्याच वर्षी डेहराडूनला ब्रेल छापखाना सुरू झाला.

या लिपीत डाव्या बाजूची टिंबे वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडची 4, 5, 6. ‘अ’ म्हणजे पहिले टिंब, ‘क’ म्हणजे पहिले आणि तिसरे, मग तो मराठी असो वा कन्नड. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते. येथे उच्चाराप्रमाणे आधी ‘क’, मग ‘इ’. बेळगाव म्हणा की बेळगावी, मधला ‘ळ’ तोच, उजवीकडची तिन्ही टिंबे!

वाचकहो, या तारखांकडे पुन्हा एकदा पाहा. 1951 मध्ये दृष्टिहीनांसाठी मराठी आणि कन्नड एका लिपीत आल्या. पुढे पाचच वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, भाषावार राज्ये झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि डोळसांचे भांडण सुरू झाले ते आजवर मिटलेले नाही. माझी भाषा सोडा, असे भारती ब्रेलने कोणाला सांगितले नाही. मराठी मराठीच राहिली, कन्नड कन्नडच. फक्त दार एक झाले.

शिक्षणाचे दार उघडले तरी नोकरीचे सहज उघडत नाही. वेत विणणे, गाणे शिकवणे, टेलिफोनवर बसणे, एवढीच कामे दृष्टिहीनांची, असे आपण वर्षानुवर्षे धरून चाललो. 1995 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना तीन टक्के जागा दिल्या, त्यातला एक टक्का दृष्टिहीन व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. 2016 च्या कायद्याने एकूण वाटा चार टक्के केला. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ दृष्टी नाही म्हणून कोणाला न्यायाधीशाच्या पदापासून दूर ठेवता येणार नाही. आज संगणक मजकूर वाचून दाखवतो. पण ऱ्हस्व-दीर्घ ऐकून कळत नाही, त्याला बोटाखाली अक्षरच लागते.

तो मुलगा आमच्याकडून दहावी झाला, पुढे पदवीधर झाला. आज तो एका बँकेत आहे. गिऱ्हाइकाशी ज्याच्या त्याच्या भाषेत बोलतो. मागच्या दिवाळीत फराळाला घरी आला होता. मी म्हणालो, ‘‘तुझे एक वर्ष माझ्यामुळे गेले रे.’’ तो हसला. म्हणाला, ‘‘सर, त्या वर्षी अंधशाळेतली मराठी पुस्तकं आणून सगळी वाचून काढली मी.’’

त्याने मला मोकळे केले. मी स्वतःला केलेले नाही. आमच्या कार्यालयात आता एक ब्रेल पाटी असते. जूनमध्ये कोणी मुलाला हाताला धरून आला, तर माध्यम कोणते, हा प्रश्न मी आधी विचारत नाही.