स्मार्ट ग्रिड, बुलढाणा जिल्ह्यातील
वीजनिर्मिती, वितरण आणि मागणी यांचा मेळ मोजमाप, संदेशवहन व स्वयंचलित नियंत्रण यांच्या साह्याने सतत घालणाऱ्या यंत्रणेस स्मार्ट ग्रिड म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातील वितरण महावितरणच्या अकोला परिमंडळाकडे आहे. रब्बीत हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी चालणारे कृषिपंप हा येथील भारव्यवस्थापनाचा कळीचा प्रश्न असल्याने या विषयाचा विचार शहरी मीटरपासून नव्हे, तर ११ केव्हीच्या कृषी वाहिनीपासून (फीडरपासून) करणे युक्त ठरते.

पार्श्वभूमी : राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन वितरण महावितरणकडे आले. गावठाण व शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या केल्यामुळे शेतीचा थ्री फेज पुरवठा दिवसा व रात्री आलटून-पालटून ठरावीक तास देणे शक्य झाले. मात्र रात्रीच्या पाळीत शेतकऱ्याला अंधारात, साप-विंचवाच्या भयात पाणी द्यावे लागते.

भाराचे स्वरूप : कृषिपंपांच्या प्रवर्तनी मोटारी सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढतात. अनेक पंपांना ऑटोस्विच जोडलेला असल्याने वीज येताच एका रोहित्रावरील, म्हणजे डीपीवरील, सर्व मोटारी एकदम सुरू होतात, दाब कोसळतो, फ्यूज उडतात आणि प्रसंगी रोहित्र जळून ऐन ओलितात पाळी चुकते. मोटारींना चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी प्रतिघाती शक्ती जागेवरच पुरवणारा कॅपॅसिटर हा दाब सावरण्यास मदत करणारा स्वस्त उपाय असूनही तो बहुधा लावला जात नाही किंवा बंद पडल्यावर बदलला जात नाही.

सौर वाहिन्या : मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज कृषी वाहिन्यांना दिवसा द्यावी, ही तिची कल्पना असून खासगी जमिनीस हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ ठरविण्यात आली. प्रकल्पातील इन्व्हर्टर अर्धवाहक स्विचांच्या अतिजलद उघडझापीने एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो व जाळ्यातील वीज गेल्यास स्वतःला तोडून घेतो, कारण तारेवर काम करणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

येथे दोन तांत्रिक मुद्दे दुर्लक्षित राहतात. प्रकल्प उपकेंद्राच्या ११ केव्ही पट्टीवर जोडल्यास ३३ केव्ही वाहिनीवरील भार हलका होतो, परंतु ११ केव्हीच्या कृषी वाहिनीच्या शेवटच्या टोकावरील कमी दाब कायम राहतो. दुसरे असे की, इन्व्हर्टर केवळ सक्रिय शक्ती देत असेल, तर पंपांची प्रतिघाती मागणी वरच्या जाळ्यावरच पडते व उपकेंद्रावरील शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) भरदुपारी घसरलेला दिसतो. आधुनिक इन्व्हर्टर प्रतिघाती शक्तीही पुरवू शकतात. त्यांच्याकडून ती घेण्याची अट प्रत्येक प्रकल्पास असणे आवश्यक आहे.

सौर पंप : ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के रक्कम भरावी लागते. पंपाचा नियंत्रक पॅनेलांकडून त्या क्षणी मिळू शकणारी कमाल शक्ती काढून घेतो व वारंवारता हळूहळू वाढवत मोटार सुरू करतो, त्यामुळे वर सांगितलेला प्रारंभीचा धक्का उद्भवत नाही. पावसाळ्यात संच पडून राहू नये म्हणून त्यावर कडबा कुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवू देणारे नियंत्रकही विकसित झाले आहेत.

मापन : घरगुती स्मार्ट मीटरबाबत राज्यभर मतभेद आहेत. शेतीत मात्र विनामीटर कृषिपंपांचा वापर अंदाजाने धरला जात असल्याने वितरणहानीचे आकडे वादग्रस्त ठरतात.

रात्रीचा पुरवठा : सूर्यास्तानंतरच्या मागणीसाठी जिल्हा राज्याच्या पारेषण जाळ्यावर अवलंबून आहे; शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारस येथे महानिर्मितीचे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन औष्णिक संच आहेत.